अडतीस धुराडी आणि डोमाचा गोटा

चंद्रपूर, ११ नोव्हेंबर २०२४

चि. रंजीता,

आशीर्वाद पहिल्याच ओळीत उरकतो, कारण पुढे रागवायचे आहे.

हे पत्र हाताने लिहिले आहे. आमच्या कॉलेजसमोरचा प्रवीण झेरॉक्सवाला ते स्कॅन करून तुझ्या ईमेलवर टाकील. मागे तू व्हॉट्सॲपवर अकरा मिनिटांचा आवाज पाठवला होतास, त्यातली सात मिनिटे तुझ्या कुत्र्याची होती. म्हणून विनंती अशी, की उत्तर लिहून पाठव. लिहिताना माणसाला थोडा तरी विचार करावा लागतो.

काम सांगतो. आलापल्लीच्या पुढे बावीस किलोमीटरवर कोहकापल्ली नावाचे तीस घरांचे गोंडांचे गाव आहे. तिथे कुणी गेले, की त्याच्या नावाने गावाबाहेर एक गोटा उभा करतात. कोरीव काम नाही, नाव नाही, नुसता उभा दगड. गेलेला माणूस समाधानी असला तर त्याचा गोटा वर्षावर्षाने वाढतो, असे तिथले म्हणणे. तू हसशील म्हणून आधीच सांगतो : मी एकदा हसलो होतो, आणि त्या दिवशी मला चहा मिळाला नव्हता.

गोट्यांच्या त्या रांगेत एक खड्डा आहे. तिथे डोमा नावाच्या माणसाचा गोटा होता. सव्वाशे वर्षांपूर्वी किनमंट नावाच्या स्कॉटिश जंगलसाहेबाने तो सागाच्या ओंडक्यांबरोबर गाडीत घालून नेला. कशासाठी, ते कुणालाच ठाऊक नाही. आवडला असेल. डोमाचा पणतू सुकलू माझा मित्र. तो दोन वर्षांपूर्वी गेला. जाताना बायकोला, सोमारीला, सांगून गेला, की डोमा आजा कुठे आहे, उभा आहे की आडवा, हे कळेपर्यंत माझा गोटा उभा करायचा नाही. सुकलूचा गोटा निवडून आणलेला आहे आणि दोन वर्षे मोहाच्या झाडाखाली आडवा पडून आहे. सोमारी सत्तरीला आली. ती रोज त्याच्यावरची पाने झाडते.

आलापल्लीच्या विश्रामगृहातल्या एका जुन्या वहीत किनमंटने घरचा पत्ता लिहून ठेवला आहे : बॅलनेरी हाऊस, पर्थशायर, स्कॉटलंड. नकाशात पाहिले, तर तुझ्या घरापासून मोटारीने तासाभराचा रस्ता. तेव्हा जा, बघ, आणि एवढेच लिही : गोटा आहे का, आणि उभा आहे की आडवा. कमरेपाशी गारगोटीचा पांढरा पट्टा आहे, त्यावरून ओळखशील. चैतात हे लोक गोटे उभे करतात. त्याआधी कळले पाहिजे.

तू सख्खी मामेबहीण, तरी तुझ्या लग्नाला मी आलो नव्हतो. त्याचा राग या कामावर काढू नकोस.

गुणवंतभाऊ


डंकेल्ड, २ डिसेंबर २०२४

भाऊ,

नमस्कार. कुत्र्याचं नाव अँगस आहे आणि त्याला तुमचा आवाज आवडतो, एवढं सांगून पुढे जाते.

मी आणि माझा नवरा यूअन रविवारी बॅलनेरीला गेलो. भाऊ, तिथे घरच नाही. दोन दगडी खांब, त्यांच्यामधून जाणारा रस्ता, आणि रस्ता जिथे पोचायला पाहिजे तिथे गवत. आता ती जागा कॅरव्हानवाल्यांची आहे. लोक मोटारीमागे चाकांची घरं ओढत आणतात आणि उन्हाळाभर राहतात.

तिथल्या इतिहास मंडळाच्या मोरागबाई भेटल्या. वय अठ्ठ्याहत्तर, पायांत गमबूट. त्यांनी सगळं फिरून दाखवलं. महाल बांधून झाला १८९४ मध्ये. खोल्या बावन्न, धुराडी अडतीस, नाचायचं दालन वेगळं, आणि जिना पूर्ण सागाचा, आपल्या आलापल्लीचा. इस्टेटीत सात शेतं, एक पाणचक्की, मासे धरायची नदी. किनमंटचा मुलगा पहिल्या महायुद्धात गेला, नातू दुसऱ्यात. मधे तिथे मुलींची शाळा झाली, मग सैनिकांचा दवाखाना. १९५३ ला छप्पर उतरवलं आणि ५७ ला सुरुंग लावून भिंती पाडल्या. मोरागबाई तेव्हा अकरा वर्षांच्या. बघायला जायचं म्हणून शाळेला सुट्टी दिली होती.

कॅरव्हानवाल्यांच्या चहाच्या दुकानातलं काउंटर त्या जिन्याच्या लाकडाचं आहे. मी त्यावर हात ठेवून बराच वेळ उभी राहिले. दुकानवाली म्हणाली, काही पाहिजे का?

मोरागबाईंनी अकरा पानांचा इतिहास लिहिला आहे, सोबत जोडते. नक्की वाचा, फार छान आहे. गोट्याचं बघते.

रंजीता


चंद्रपूर, ९ डिसेंबर २०२४

चि. रंजीता,

हरवलेला दगड शोधायला सांगितला, तर तू अख्खा महाल हरवून दाखवलास. कर्तबगारीला दाद देतो.

अकरा पाने वाचली. शब्दकोश मांडीवर घेऊन वाचली. पान सातवर एका माशाचे वजन आहे. पान आठवर त्या माशाचा फोटो आहे. आणि पान नऊवर, बागेतल्या वस्तूंच्या १८९७ सालच्या यादीत, सूर्यघड्याळ आणि दोन सिंह यांच्या मधोमध एक ओळ आहे : ‘हिंदुस्थानी उभा दगड, पांढऱ्या पट्ट्याचा, उंची तीन फूट चार इंच, गुलाबांच्या वाफ्यापाशी.’ ही ओळ तू वाचलीस काय? वाचली असशील, तर मला धुराडी कशाला मोजून पाठवलीस? मी काय धुराड्यांचा व्यापारी आहे?

शनिवारी कोहकापल्लीला जाऊन आलो. आष्टीपासून पुढे लोहखनिजाच्या ट्रकांमागे अडीच तास तांबडी धूळ खाल्ली. सोमारीला सांगितले, की साहेबाचे घर सापडले, पण ते नाही. ती म्हणाली, “घर नाई तं नाई. आमचा मानूस घरात थोडी ठेवला असन त्यानं.” हे तुझ्या मोरागबाईंना कळव.

सुकलूचा धाकटा भाऊ बुधू तिथेच दोरी वळत बसला होता. तो मान वर न करता म्हणाला, “गुरुजी, तुमची चौकशी चालूच हाय का अजून? रिकामीच फिरून राह्यली, का काई भरलंय तिच्यात?” मी चपला शोधू लागलो.

आमच्या व्याकरणात एखादे अक्षर नाहीसे झाले तरी त्याचे काम चालू राहते. त्याच्यामुळे शेजारच्या अक्षरांना वागणूक बदलावी लागते. त्या खड्ड्याचे तसेच आहे. सव्वाशे वर्षे तो रिकामा आहे आणि अजून सगळ्यांना उठबस करायला लावतो. दोन ओळी लिही. आहे की नाही, उभा की आडवा. तिसरी ओळ लिहिलीस तर मी वाचणार नाही.

गुणवंतभाऊ


डंकेल्ड, ५ जानेवारी २०२५

भाऊ,

नवीन वर्षाच्या शुभेच्छा. यादीतली ओळ माझ्या नजरेतून सुटली असेल. गुलाबांचा वाफा आता राहिलेला नाही, त्या जागेवर कॅरव्हानवाल्यांची न्हाणीघरं बांधली आहेत. सध्या दोन फूट बर्फ आहे, त्यामुळे काही दिसत नाही. मार्चमध्ये बघू.

तोवर एक गंमत. मोरागबाईंना किनमंटच्या बायकोचं चित्र सापडलं. मागे महाल आहे, आणि यूअननं भिंग घेऊन मोजलं तर धुराडी सदतीसच भरतात. आता मंडळात दोन तट पडले आहेत. एक म्हणतो चित्रकार चुकला, दुसरा म्हणतो मोरागबाई. पुढच्या बैठकीत मतदान आहे. चित्राची प्रत जोडते.

सोमारीबाईंची तब्येत कशी आहे?

रंजीता


चंद्रपूर, १४ जानेवारी २०२५

चि. रंजीता,

प्रवीणने तुझे पत्र छापून हातात देताना विचारले, “सर, मॅडमचं शेवटी किती धुराड्यांवर फायनल झालं?” माझा अपमान आता झेरॉक्सच्या दुकानापर्यंत पोचला आहे.

आज संक्रांत. गोड बोलायचा दिवस. तो उद्यापासून पाळीन.

तुला एक गोष्ट सांगितली नव्हती. सुकलूने मला डोमाचे पहिल्यांदा सांगितले ते २००८ साली. मी त्याच्याकडून झाडांची गोंडी नावे टिपून घेत होतो. संध्याकाळी तो म्हणाला, “गुरुजी, तुमाले इंग्रजी येते. आमचा आजा कुठी नेला, विचारता का?” मी म्हणालो, विचारतो. त्यानंतर दरवेळी तो विचारी आणि मी म्हणे, चौकशी चालू आहे. रंजीता, मी एकही पत्र लिहिले नव्हते. विश्रामगृहातली वही तेव्हाही त्याच कपाटात होती. आज लिहू, सुट्टीत लिहू, पेपर तपासून झाले की लिहू. अशी चौदा वर्षे गेली. गडचिरोलीच्या दवाखान्यात शेवटी भेटलो तेव्हा नाकात नळी होती. त्याने विचारले, “काई आलं का?” मी म्हणालो, येतच आहे. माझ्या त्या शब्दावर त्याने बायकोला सांगून ठेवले, की कळेपर्यंत माझा गोटा उभा करू नका. म्हणजे तो मोहाखाली पडला आहे तो माझ्यामुळे.

सांगायचे कारण असे, की टाळणाऱ्या माणसाची भाषा मला कळते. ती मी चौदा वर्षे बोललो आहे. तिच्यात माहिती पुष्कळ असते, तब्येतीची चौकशी असते, जोडपत्रे असतात. नसते ती फक्त विचारलेली गोष्ट. तू डिसेंबरात पहिल्यांदा गेलीस तेव्हाच तुला गोटा दिसला होता. अकरा पाने तू त्याच्यावर पांघरूण घालायला पाठवलीस.

आडवा आहे ना?

गुणवंतभाऊ


डंकेल्ड, १५ जानेवारी २०२५

भाऊ,

हो.

न्हाणीघराच्या दाराची पायरी आहे. गुलाबाचा वाफा मोडला तेव्हा कुणीतरी सरकवून दाराशी टाकला असेल. त्या रविवारी चहाच्या दुकानातून निघून मी हात धुवायला तिथे गेले. त्याच्यावर पाय ठेवूनच आत गेले, भाऊ. बाहेर येताना ओला दगड दिसला आणि त्याच्यावरचा पांढरा पट्टा. मी परत पाय ठेवू शकले नाही. यूअननं हात धरून मला बाजूच्या चिखलातून उतरवलं.

हे तुम्हाला कसं लिहू, आणि तुम्ही त्या बाईंना कसं सांगणार? म्हणून धुराडी.

पण मी नुसती बसले नव्हते. कॅरव्हानच्या मालकाशी बोलले आहे. तो म्हणतो, नवीन पायरी बसवून द्या आणि हा दगड कुठे उभा करायचा तिथे करा. यूअन आणि त्याचे तीन मित्र तयार आहेत. बर्फ वितळलं की उभा करू, आणि मग सोमारीबाईंना सांगा की गोटा सापडला, उभा आहे. खोटं होणार नाही. आधीचं कशाला सांगायचं?

रंजीता


चंद्रपूर, ३ फेब्रुवारी २०२५

चि. रंजीता,

तुझी युक्ती नामी होती. मी तशा युक्तीवर चौदा वर्षे काढली, म्हणून ती वापरली नाही. काल जाऊन खरे सांगितले.

अंगणात सोमारी, बुधू आणि आणखी चार माणसे होती. मी म्हणालो, आडवा आहे. न्हाणीच्या दाराची पायरी केली आहे. लोक पाय ठेवतात. बुधू उठला, कुंपणापर्यंत गेला आणि आमच्याकडे पाठ करून उभा राहिला.

सोमारीने विचारले, “पाय कोनाचे? लेकरं बी ठेवतात का?”

लेकरे पण, मी म्हणालो. उन्हाळ्यात पुष्कळ असतात.

“बरं,” ती म्हणाली.

मग मी, हा शहाणा, तुझा बेत सांगितला. चार माणसे आहेत, उचलून उभा करतील. त्यावर बुधू वळला. “कोन चार? आमच्यात गोटा सोयऱ्यानं उचलायचा रायते. घरचा नाई, परका बी नाई. परक्यानं उभा केला तं तो खांब झाला, गुरुजी. डोमा आजाचं सोयरं कोन हाय तिथी? साहेब?”

या घराण्याची रीत अशीच आहे, हे मला माहीत होते. दोनदा वहीत टिपून घेतली आहे. पण तुझे पत्र आल्यापासून मी त्या दगडाला उचलायची वस्तू समजून बसलो होतो. मी म्हणालो, अपवाद म्हणून, परिस्थिती पाहून, वगैरे. असे वाक्य मी कॉलेजच्या सभेतही पूर्ण करू शकत नाही.

सोमारी म्हणाली, “थांबा जी गुरुजी. ते तुमची बहीन. ते त्याच गावात दिली ना?”

“दिली नाही,” मी म्हणालो. “तिचे तिनेच केले.”

“केलं ना पन? नवरा तिथलाच हाय ना?”

“तिथलाच.”

“मंग. सुकलू तुमाले भाऊ म्हने. तुमची बहीन ते त्याची बहीन. तिचा नवरा आपला जवाई. जवाई सोयरा नाई तं काय पोलीस हाय?”

बुधूने विचार केला. गावातल्या म्हाताऱ्याने विचार केला. अर्धा तास गोंडीत बोलणे चालले, त्यातले मला तुझे नाव आणि ‘स्कॉटलंड’ एवढेच समजले. शेवटी बुधू म्हणाला, “जवायाले दुपट्टा द्या लागन.” म्हणजे मंजूर. तुझ्या ज्या लग्नाचा मामाच्या घरी सात वर्षांत निकाल लागला नाही, ते कोहकापल्लीने एका दुपारी लावून टाकले. आणि वधूच्या भावाला, म्हणजे मला, विचारलेही नाही.

सोमारीने सांगितलेले पत्र सोबत आहे. एक शब्दही सुधारलेला नाही. हात फार शिवशिवत होते.

गुणवंतभाऊ


कोहकापल्ली, २ फेब्रुवारी

रंजीताबाई,

मी सोमारी. मी सांगून राह्यली, गुरुजी लिहून राह्यले. तू पाय ठेवला म्हनून रडली, असं गुरुजी सांगत होते. रडू नोको. तुले का मालूम होतं? आजा बी काई म्हनला नसन. लेकरायले चढाले उतराले कामी पडला, वाया नाई गेला.

पन आता त्याले उठवा. जवायाले सांगजो, डोकस्याले दुपट्टा बांधून उचलाचा. पट्टा वर आला पाहिजे, उलटा नोका करू. तोंड जिकून सूर्य निघते तिकून. पायाशी थोडं पानी टाकजो. मोहाची दारू तिथी भेटत नसन, तं जे भेटते ते टाक. साहेबाच्या गावात का पीत नसन कोनी?

ज्या दिवशी तू उभा करशीन त्याच दिवशी आमी इथी सुकलूचा उभा करतो. दोघंबी संगं उठले पाहिजे. गुरुजीले तारीक सांग. त्यायच्यावर सोडू नोको, ते विसरतेत.

उभा झाल्यावर उंची मोजजो.

सोमारी


डंकेल्ड, ७ एप्रिल २०२५

भाऊ,

दुपट्टा पोचला. कस्टमवाल्यांनी तीन आठवडे ठेवून घेतला होता. पाकिटावर तुम्ही ‘जावयाचा मानाचा दुपट्टा’ असं मराठीत लिहिलं होतं, त्याचा अर्थ विचारायला त्यांचा मला दोनदा फोन आला.

तुम्हाला कळवल्याप्रमाणे काल सकाळी अकराला सुरुवात केली, तुमच्याकडचे साडेतीन. यूअनच्या डोक्याला दुपट्टा मी बांधला. मित्र हसतील असं त्याला वाटत होतं, पण कुणी हसलं नाही. मोरागबाई चार छत्र्या घेऊन आल्या होत्या आणि एकही उघडली नाही. दगड पहारीनं सुटा केला, तर खालची बाजू एकदम कोरडी आणि स्वच्छ. पट्टा पूर्ण गोल आहे, भाऊ. वरून अर्धाच दिसत होता. पूर्वेकडे तोंड करून उभा केला, नदीच्या बाजूच्या चढावर. पाणी टाकलं, आणि यूअनच्या बाबांनी दिलेली व्हिस्की. कॅरव्हानमधली दोन पोरं बघत होती. त्यांनी विचारलं, हा कोण आहे? मी सांगितलं, डोमा. यूअननं सांगितलं, माझ्या बायकोचे आजोबा. मी त्याला दुरुस्त केलं नाही.

आता अवघड गोष्ट. मोजला. तीन फूट एक इंच. यादीत तीन फूट चार इंच होता. पायरी बसवताना कुणीतरी तळाची कड फोडलेली आहे. तीन इंच कमी झाला. गोटा वाढला तर माणूस समाधानी, असं तुम्हीच लिहिलं होतं. आता त्यांना काय सांगू? यावेळी मी लपवत नाही, तुम्हाला विचारते आहे.

रंजीता


चंद्रपूर, १२ एप्रिल २०२५

चि. रंजीता,

पत्रात महत्त्वाचा आकडा शेवटच्या परिच्छेदात लिहायची खोड तुला कुणी लावली? तरी यावेळी धुराडे एकही नाही, म्हणून गुण कापत नाही.

सहा तारखेला साडेतीन वाजता इकडे सुकलूचा गोटा उभा झाला. रांगेत, डोमाच्या खड्ड्याच्या शेजारी. खड्डा बुजवला नाही. सोमारी म्हणाली, “राहू द्या. आजा आला-गेला तं बसाले जागा पाहिजे.” उचलायला तिच्या माहेरचे चार जण होते. तीन वाजल्यापासून त्यांनी मला घड्याळ हातात धरून उभे केले होते. साडेतीनला “आता” म्हणायचे, एवढेच माझे काम. सत्तावीस वर्षे शिकवतो आहे, इतक्या एकाग्रतेने माझे कुणी ऐकलेले नाही. गोटा उभा राहिल्यावर सोमारीने पदराने तो पुसला आणि मोहाखालच्या रिकाम्या जागेकडे बघितलेही नाही.

आज तुझे पत्र घेऊन परत गेलो. तीन इंचांचे सांगितले. कड फुटली आहे, तेही. बुधू माझ्याकडे असा बघत होता, की जणू मीच फोडली.

सोमारी म्हणाली, “आडवा मानूस वाढते का जी? निजला होता तो. आता उठला ना. वाढन.” मग मला विचारले, “सुकलूचा तुमी मोजला का?”

मोजला नव्हता. बुधूने दोरी दिली. दोन फूट सात इंच. तिने तो आकडा माझ्या वहीत लिहायला लावला, आणि खाली तारीख. पुढच्या चैतात परत यायचे, आणि त्याच्या पुढच्याही. “तुमी इकडला मोजा,” ती म्हणाली, “बहीन तिकडला मोजन.”

तेव्हा दरवर्षी चैतात जाऊन मोजत जा आणि मला कळव. फूट आणि इंच, पहिल्या ओळीत. वर्ष सुटले तर चालणार नाही, बुधू माझी वही तपासणार आहे. दिवाळीला जावयाला घेऊन ये. आधी कोहकापल्लीला जेवण आहे, मग आमच्याकडे. हा क्रम मी ठरवलेला नाही.

आणि बुधूने निघताना नेहमीचा प्रश्न विचारला, “काऊन गुरुजी, चौकशी चालू हाय ना?”

मी म्हणालो, चालू आहे. यावेळी वही दाखवली.

गुणवंतभाऊ